तिसरी गाठ

डोळे मिटा. चित्र नंतर बघू, आधी वास घ्या.

साखर कारखान्याच्या मागून एक नाला वाहतो. कारखान्यातलं मळीचं काळं पाणी त्यात सोडलेलं आहे. हे पाणी वाहतं असलं तर नाकाला गोडसर लागतं. उन्हात साचून राहिलं की मात्र नासक्या अंड्यात गूळ कालवावा तसा वास सुटतो. नाल्याला लागून मोठं मैदान आहे. मैदानावर माणसंच माणसं, त्यांचा घाम, पुन्हापुन्हा तापवलेलं तळणीचं तेल, तंबाखू. समोर घराएवढे स्पीकर. आणि तुम्ही नऊ वर्षांचे आहात. तुमचं डोकं मोठ्यांच्या कमरेपर्यंत पोचतं. तुम्हाला स्टेज दिसत नाही, गाणारा दिसत नाही. दिसतात ते पट्टे, पाठी आणि तोंडावर आपटणाऱ्या पिशव्या.

आलं सगळं डोळ्यांपुढं? आता तुमचं नाक काढून ठेवा आणि कस्तुरीचं लावा. म्हणजे हे सगळं दुप्पट होईल.

कस्तुरीला जगातल्या बहुतेक गोष्टींची शी वाटायची. दुधावरची साय शी, दुसऱ्यानं प्यायलेलं भांडं शी, बसलेली माशी शी, उडालेली माशीसुद्धा शी, कारण ती आधी कुठं बसली होती कोण जाणे. गाडीत बसली की तिला मळमळायचं. तिच्या आईनं नाव ठेवताना काय स्वप्न पाहिलं असेल ते असो, वर्गातली मुलं तिला ‘ओकारी’ म्हणायची. आवाज मात्र असा स्वच्छ होता की तिनं ‘सा’ लावला की बाकीची पोरं आपोआप गप्प व्हायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरी मुलांना गाणं शिकवत असे. कारखान्याच्या मैदानावर दर हिवाळ्यात मोठा संगीत महोत्सव भरायचा. दुपारी लहान मुलांची गाणी, संध्याकाळी नावाजलेला वाद्यवृंद. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या तिघांची निवड झाली. पेटीवर दिगंबर, आठवीतला, आजोबांचं नाव लावून फिरणारा आणि आजोबांसारखाच सगळ्यांना अक्कल शिकवणारा. टाळावर तस्मिया, बोलायला कमी, पण डोळे सगळीकडं. आणि गायला कस्तुरी.

वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन खच्चून भरणारी जीप आम्हाला कारखान्याच्या मागच्या बाजूला सोडून गेली. नाल्यावरच्या छोट्या पुलापाशी वारा फिरला आणि तो वास आला. मी पदर नाकाला लावेपर्यंत कस्तुरी वाकली आणि सकाळचे पोहे तिनं दिगंबरच्या नव्याकोऱ्या चपलांवर रिकामे केले.

दिगंबर दोन्ही पाय फाकवून तसाच उभा राहिला. 

पुलापलीकडं बचत गटाच्या बायकांचा झुणका-भाकरीचा स्टॉल होता. चांगल्या जागा कुणाकुणाच्या ओळखीनं गेल्या होत्या, यांच्या वाट्याला नाल्याची कड आली होती. गिऱ्हाईक नाही, वास आहे. पाच-सहा बायका तोंडाला पदर बांधून, डोळ्यांतून संताप गाळत बसल्या होत्या. त्यांतली हिराबाई नावाची एक आडव्या अंगाची बाई तांब्या घेऊन आली. तिनं कस्तुरीला चूळ भरायला लावली, एक कांदा दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि तिच्या नाकाशी धरला.

“हुंग. कांद्याम्होरं कुठलाच वास टिकत न्हाई.”

मला वाटलं, आता ही कांद्यालाही शी म्हणणार. पण तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि लांब श्वास घेतला. तस्मियानं तेवढ्यात दिगंबरच्या चपला धुऊन आणल्या.

मग कस्तुरी रडायला लागली. पोटात दुखत होतं म्हणून नाही. आता ही गोष्ट शाळेत सगळ्यांना कळणार म्हणून. मी तिघांचे हात एकमेकांवर ठेवले, वर माझा ठेवला आणि कुणाच्या चपला, कुणी, कशा खराब केल्या हे चौघांबाहेर जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. दिगंबरनं सर्वांत शेवटी घेतली, तीही चपलांकडं बघत.

गेटाबाहेर मी त्यांना उभं केलं. गर्दीत शिरण्याआधी बोलायचं ते बोलून घ्यावं, आत गेल्यावर कुणाला काही ऐकू येत नाही. दिगंबरला घाई झाली होती. त्याच्याकडं वडिलांचा मोबाईल होता, कस्तुरीच्या गळ्यातल्या पिशवीत तिच्या आईचा बटणांचा फोन होता.

“चुकलं कोण तर फोन करायचा की, बाई. त्यात काय शिकवायचं हाय?”

मी म्हटलं, फोन करू, पण इतकी माणसं एका जागी फोन काढून उभी राहिली की फोन लागत नाहीत. तेव्हा भेटायची एक जागा ठरवू. जागा तूच सांग. त्यानं मान वर केली. गेटावर कारखान्याच्या अध्यक्षांचा दोन मजली फ्लेक्स होता. पांढरे कपडे, काळा गॉगल, हात जोडलेले, आणि दात इतके की मोजायला बसावं. त्यांचा वाढदिवस आणि महोत्सव एकाच आठवड्यात यायचा. दिगंबर म्हणाला, गॉगलवाल्याच्या खाली भेटायचं, हा कुठनंबी दिसतोय. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

दुसरी गोष्ट मी अशी सांगितली, की कुणी अनोळखी माणूस येऊन ‘बाईंनी पाठवलंय’ म्हणाला, तर त्याला असं काहीतरी विचारा जे फक्त आपल्या चौघांना ठाऊक आहे. उत्तर चुकलं तर त्याच्याबरोबर एक पाऊल टाकायचं नाही.

“काय विचारायचं?” तस्मियानं विचारलं.

“ते मी सांगितलं तर तुम्ही विसराल. तुमचं तुम्ही शोधा.”

आणि तिसरी गोष्ट माझ्या पिशवीत होती. जुन्या सुती साडीची लांब पट्टी फाडून मी तिला चार गाठी मारून आणल्या होत्या. पहिली गाठ दिगंबरच्या हातात, कारण तो उंच. दुसरी तस्मियाच्या, तिसरी कस्तुरीच्या, शेवटची माझ्या. म्हणजे तिघं माझ्या पुढं राहतील. दिगंबरला लाज वाटली. आपण बैल आहोत का, असं तो पुटपुटला. कस्तुरीला मात्र हा प्रकार आवडला. कुणाचा घामट हात धरावा लागत नव्हता.

दुपारचं गाणं छान झालं. पहिल्या ओळीतले पाहुणे जेवायला गेले होते आणि रिकाम्या सोफ्यांवर एक कुत्रं झोपलं होतं, तरी छान झालं. उतरल्यावर गेटाजवळ फुकट उसाचा रस मिळत होता. कस्तुरीनं आधी पेल्याकडं, मग माशांकडं, मग माझ्याकडं पाहिलं. पण ऊन होतं, गळा कोरडा पडला होता. डोळे घट्ट मिटून तिनं एक पेला प्यायला आणि मग दुसरा मागितला.

आम्ही तेव्हाच निघालो असतो. पण दिगंबरला त्या वाद्यवृंदातला ड्रम वाजवणारा बघायचा होता. मी म्हटलं, एक गाणं. उजेड आहे तोवर.

गर्दीत मोठी माणसं कशी वागतात ते मी त्या दिवशी पोटभर पाहिलं. उष्ट्या पत्रावळ्या पायाखाली रगडत होते. एक गृहस्थ लेकराला खांद्यावर बसवून त्याच्याच पायाआडून खाली थुंकत होते. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या संडासांच्या दारांखालून पाणी बाहेर आलं होतं आणि त्याच चिखलात उभी राहून माणसं पाणीपुरी खात होती. एक बाई चक्कर येऊन खाली बसली, तर तिला वारा घालण्याऐवजी चार जणांनी मोबाईल वर धरले. मला त्या सगळ्यांना ओळीत उभं करून हात धुवायला लावावंसं वाटलं.

वाद्यवृंद आला. स्टेजवरून पांढरा धूर सोडला आणि मागची सगळी गर्दी एकदम पुढं आली. मी माझी गाठ मनगटाभोवती गुंडाळून घट्ट धरली. पट्टी ताणलेली होती, म्हणून मला वाटलं सगळे आहेत. धूर विरला तेव्हा माझ्या हातातली पट्टी सरळ तस्मियाच्या हातापर्यंत गेलेली दिसली. मधल्या गाठीला कुणी नव्हतं. त्या गाठीवर गुटख्याची लाल पिचकारी पडली होती. ओली होती, अजून ओघळत होती.

कुणीतरी न बघता थुंकलं होतं आणि कस्तुरीनं हात सोडला होता. सोडणारच. दिगंबरनंही सोडला असता, मीही.

आम्ही तिघं तिच्या नावानं ओरडलो. स्पीकरपुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दिगंबर फोन लावत होता. लागत नव्हता. तो पुन्हा लावी, पुन्हा कानाला धरी, आणि त्याचं तोंड हळूहळू लहान पोरासारखं होत गेलं.

“गॉगलवाल्याकडं असंल ती, बाई,” तो म्हणाला.

रेटत, ढकलत आम्ही गेटापाशी आलो. अध्यक्ष हात जोडून हसत होते. खाली कस्तुरी नव्हती. तिथं बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता खुर्चीवर पाय पसरून बसला होता. मी विचारलं, या फ्लेक्सखाली पिवळ्या फ्रॉकातली मुलगी आली होती का. त्यानं दात कोरता कोरता विचारलं, कुठल्या गेटाच्या फ्लेक्सखाली. मैदानाला चार गेटं आहेत आणि साहेब चारीकडं आहेत. आतही आहेत, संडासांपाशीही आहेत.

मी वर पाहिलं. तेच दात. दिगंबर मटकन खाली बसला. त्याला काही म्हणायची ती वेळ नव्हती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, आता ती कुठं जाईल, दोघं विचार करा.  तस्मियानं मैदानावरून नजर फिरवली आणि नाल्याकडं बोट केलं.

“बाई, जिथं कांदा दिला तिथं,” ती म्हणाली. “ती जागा तिला चुकायची नाही. वासावरनं जाईल.”

वाटेत निवेदकाचा मंडप लागला. मला वाटलं, नुसतं वाट बघण्यापेक्षा तिला कळवावं. निवेदक चकचकीत जाकीट घातलेला, केसांना तेल लावलेला तरुण होता. मी त्याला नीट समजावून सांगितलं, की मुलीचं नाव घेऊ नका, ती कशी दिसते ते सांगू नका. फक्त एवढंच म्हणा, तिसऱ्या गाठीनं कांदा हुंगलेल्या जागी यावं. तिला बरोबर कळेल आणि बाकी कुणाला काही कळणार नाही.

“आजी, हा काय गारुड्याचा खेळ आहे का?” तो हसला. मग त्यानं दिगंबरला लाडानं जवळ घेऊन मुलीचं नाव, वय, कपडे, सगळं विचारलं. घाबरलेल्या दिगंबरनं घडाघडा सांगितलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत सांगून झालं होतं.

मैदानभर आवाज घुमला. कुमारी कस्तुरी, वय वर्षे नऊ, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, गळ्यात फोनची पिशवी. आपल्या बाई रडत आहेत, ताबडतोब स्टेजकडे या. मग त्यानं सवयीनं भर घातली, की कस्तुरीच हरवली तर महोत्सवाला सुगंध कुठून येणार, रसिकहो. आणि रसिक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मी रडत नव्हते. पण त्या हसण्यानं माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं, सकाळी नाल्यानंही सुटलं नव्हतं तसं. आता त्या मैदानावरच्या प्रत्येक माणसाला माझ्या मुलीचं नाव ठाऊक झालं होतं. ती एकटी आहे हेही ठाऊक झालं होतं. माइक त्याच्या हातातून ओढून घ्यावा असं वाटलं, पण त्यात वेळ गेला असता. दोघांना गाठी धरायला लावल्या आणि आम्ही नाल्याकडं निघालो. तिसरी गाठ दिगंबरनं स्वतःहून धरली. पिचकारी पडलेलीच. पुसलीसुद्धा नाही.

ती वाट किती लांब होती ते मला आजही सांगता येणार नाही. पिवळं काही दिसलं की मी थांबायची. ते कधी झेंडूचं तोरण असायचं, कधी चिवड्याचा ढीग.

पुलापाशी वास आला आणि मला पहिल्यांदाच तो बरा वाटला. बचत गटाच्या बायका दाटीनं गोल करून उभ्या होत्या. हिराबाईच्या हातात भाकरी उलटायचा उलथणा होता आणि ती मैदानाच्या दिशेनं तोंड करून, जो कुणी येईल त्याला डागायच्या तयारीत होती. बायकांच्या मधोमध उलट्या पाटीवर कस्तुरी बसली होती. वेण्या सुटलेल्या, फ्रॉकवर डाग, हातात अर्धा कांदा.

“या बाई,” हिराबाई म्हणाली. “पोरगी हाय बगा. आमच्यातली एक पोलिसाला आणाया गेलीय.”

“पोलीस कशाला?” मी विचारलं.  मी कस्तुरीसमोर जमिनीवर बसले.

कस्तुरीच्या डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ होते.

मी तिला लगेच काही विचारलं नाही. पाणी दिलं, वेण्या घातल्या. मुलांना बोलायला वेळ लागतो, तो द्यावा. दुसरी वेणी अर्धी झाल्यावर ती आपणहून बोलू लागली.

हात सुटल्यावर गर्दीनं तिला ढकलत नेलं होतं. ठरल्याप्रमाणे ती गॉगलवाला शोधत गेली आणि गॉगलवाल्याच्या खाली जाऊन उभी राहिली. फक्त गेट पलीकडचं होतं, गाड्या लावायच्या माळाकडं उघडणारं. तिनं फोन लावला, लागला नाही. तेवढ्यात स्पीकरवरून तिचं नाव आलं. आणि नाव येऊन गेल्यावर एक माणूस आला.

“कसा होता गं?” तस्मियानं विचारलं.

“स्वच्छ,” कस्तुरी म्हणाली. “पांढरी पँट, पांढरे बूट. अत्तराचा छान वास येत होता. सगळ्या मैदानात तेवढाच एक चांगला वास होता, बाई.”

तो तिच्यापुढं वाकून गोड बोलला होता. तू कस्तुरीच ना, पिवळा फ्रॉक. तुझ्या बाई रडतायत, त्यांनी मला पाठवलंय, चल स्टेजकडं. तिला बरं वाटलं. ती दोन पावलं त्याच्याबरोबर चाललीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं, की स्टेज मागं आहे आणि आपण माळाकडं चाललो आहोत.

“मग मी थांबले आणि त्याला विचारलं.”

“काय विचारलंस?”

तिनं एकदा दिगंबरकडं पाहिलं.

“आज सकाळी मी कुणाच्या चपलांवर ओकले?”

दिगंबर खाली बघू लागला. सकाळी जी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून ती रडली होती, तीच तिनं एका परक्या माणसाला, भर गेटात विचारली होती.

“काय म्हणाला तो?” मी विचारलं.

“हसला. म्हणाला, तुझ्या बाईंच्याच की. मी म्हटलं, चूक. मग त्यानं हसणं थांबवलं आणि माझा हात धरला.”

तिनं हात ओढला, तो सुटेना. ती ओरडली, पण गाणं चालू होतं. येणारे-जाणारे बघत होते. एक काकू तिला म्हणाल्यासुद्धा, असा हट्ट करू नये गं, बाबांचं ऐकावं. पांढऱ्या बुटांचा माणूस त्या काकूंकडं बघून दमलेल्या बापासारखं हसला आणि तिला घेऊन चालू लागला. गाड्या दिसू लागल्या.

हिराबाईनं उलथणा खाली ठेवला. तिनं हे आधी ऐकलेलं असणार, तरी ती पुन्हा ऐकायला पुढं सरकली.

“मग गं?” मी विचारलं. वेणी माझ्या हातातच राहिली होती. “मग तू काय केलंस?”

कस्तुरीनं कांदा एकदा हुंगला.

“मी आधी नाल्याचा विचार केला,” ती म्हणाली. “मग त्या गाठीवरच्या थुंकीचा. मग रसाच्या पेल्यातल्या माशीचा. ओकारी यायला लागली, पण बाहेर पडेना. मग उजव्या हाताची दोन बोटं घशात घातली, अगदी आतपर्यंत, आणि सगळा रस त्याच्या पांढऱ्या पँटवर ओतला. आणि बुटांवर. त्यानं हात सोडला, मागं उडी मारली आणि म्हणाला, शी.”